दुसऱ्या भागात मजा नाही

कुणी कशाबद्दलही "पहिल्याची मजा दुसऱ्यात नाही" असं म्हणालं की मला ते ऐकवत नाही. आता पन्नाशी उलटली तरी नाही. माझा मुलगा आणि त्याचे मित्र बाहेरच्या खोलीत बसून हेच दळण दळत असतात, तीन-तीन वर्षं वाट बघितलेला गेम आला आणि त्यात कसा काही दम नाही. मी उठून चहा ठेवायला आत जाते. चहा कुणालाच नको असतो. मला तिथे बसवत नाही, एवढंच. हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्या बाबांच्या तोंडून ऐकलं, आणि तेव्हा दोष गेमचा नव्हता.

आम्ही मुलुंडला राहायचो, दोन खोल्या आणि पुढे सामाईक गॅलरी. बाबा चालत दहा मिनिटांवरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात क्रेन चालवायचे. रस्त्यावरची क्रेन नव्हे, शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या शेडच्या, छताखाली रुळांवरून सरकणारी. शिडी चढून वरच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालची पाच-पाच टनांची धूडं हुकाला लावून इकडून तिकडे न्यायची. खाली एक खलाशी उभा असतो. तो हाताने आणि शिट्टीने इशारे करतो, वरचा उचलतो. बाबा हे काम पंधरा वर्षं करत होते आणि त्यांच्या हातून कधी कुणाला ओरखडाही आला नव्हता. हे ते स्वतः सांगायचे नाहीत, आई सांगायची, पाहुण्यांना पोहे देताना.

माझा मामा बोटीवर होता. मी सहावीत असताना त्याने एक व्हिडिओ गेम आणला, तळहाताएवढा, दोन बटणांचा. त्यात एका बोटीवरून क्रेन पेट्या सोडायची आणि खाली एक हमाल त्या झेलायचा. तीन पेट्या पाण्यात पडल्या की खेळ खलास. गेम माझ्यासाठी होता, पण तो बाबांनी ढापला असंच म्हणावं लागेल. क्रेन बघून त्यांना राहवेना. "हा वरचा ऑपरेटर गाढव आहे, असा कुणी माल सोडतो का?" असं म्हणत ते चालू झाले आणि महिन्याभरात बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना मागे टाकलं. आकडा नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे गेला की पुन्हा शून्यावर यायचा. बाबांनी तो दोनदा शून्यावर आणला होता. दोन्ही वेळा गॅलरीत गर्दी जमली होती आणि मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी होते. पावसाळ्याची कुंद दुपार, कारखान्याला सुट्टी, आणि माझ्या धिप्पाड बाबांचे ते एवढ्याशा बटणांवरचे अंगठे. मला तेव्हा वाटायचं, या माणसाच्या हातून काही निसटूच शकत नाही.

मग मामाने पत्रात लिहिलं की ह्याच गेमचा दुसरा भाग निघालाय. पुस्तकासारखा उघडतो, डावीकडे एक पडदा, उजवीकडे एक. दोन बोटी, दोन हमाल. पुढची दोन वर्षं आम्ही वाट बघितली. मामाची बोट कधी भलत्याच बंदराला लागायची, कधी दुकानात माल संपलेला असायचा. बिल्डिंगमधली पोरं मला जिन्यात अडवून विचारायची, "मामा आला का गं?" बाबा विचारायचे नाहीत, पण मामाचं पत्र आलं की आधी शेवटचा परिच्छेद वाचायचे.

मी आठवीत असताना, श्रावणात, गेम आला. निळ्या रंगाची डबी, टिच्चकन उघडणारी. मी सांगते, झकास होता तो. पहिल्यापेक्षा दुप्पट चांगला. डावीकडची बोट पेट्या सोडायची, तिथला हमाल त्या झेलून पट्ट्यावर ठेवायचा, आणि त्या उजवीकडच्या हमालाकडे यायच्या; वर उजव्या बोटीच्या पेट्याही त्यालाच. दोघांवर एकदम लक्ष ठेवावं लागायचं. पोरं अक्षरशः रांग लावून खेळली. बाबांचा नंबर आल्यावर सगळे गप्प झाले, कारण उस्ताद बसले होते.

बाबांचा खेळ तीस पेट्यांत आटोपला. पुन्हा खेळले, बावीस. तिसऱ्यांदा तर अकरा. त्यांनी डबी मिटली आणि म्हणाले, "छे. पहिल्याची मजा नाही. नुसतं नाव मोठं केलंय."

पोरं चुळबुळली. एक जण धीर करून म्हणाला, "काका, डावीकडचा हमाल तुम्ही हलवतच नाही."

"तोच तर बकवास आहे. डावा पडदा मधेच बंद पडतो."

मग घरात जे सुरू झालं ते आज आठवलं तरी हसू येतं आणि लगेच जातंही. आई म्हणाली, सेल उतरले असतील. नाक्यावरच्या घड्याळजीने डबी उघडून, फुंकर मारून, नवे सेल घालून दिले आणि म्हणाला, माल ओरिजिनल आहे. बाबांचा खेळ पुन्हा पंधरावर. मग बाबांनी ठरवलं की मामाला कुणीतरी डुप्लिकेट माल चिकटवलाय. रविवारी जेवायला आलेल्या मामाला त्यांनी हे तोंडावर सांगितलं. मामा दुखावला. बायकोसाठी साडी न घेता त्याने त्या पैशांत हा गेम घेतला होता. तो आमटी अर्धी टाकून उठला आणि आईने बाबांशी दोन दिवस अबोला धरला.

अबोल्याला आणखी एक कारण होतं. बाबा हल्ली चटणी ताटातच टाकून उठायचे. आमच्यात ताटाची उजवी बाजू भाजीची आणि डावी बाजू चटणी, कोशिंबीर, लिंबाची. बाबा भाजी, भात सगळं चाटूनपुसून खायचे आणि चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी. "माझ्या हातची चटणी आताच कशी खुपायला लागली?" आई विचारायची. बाबा चमकून ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "वाढली होतीस का? मग खातो की." ते खोटं बोलताहेत असं आईला वाटायचं.

या दोन भांडणांचा एकमेकांशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षात यावं? माझ्या आलं. मी हुशार होते म्हणून नाही. मला तो गेम इतका आवडला होता की बाबा त्याला नावं ठेवतात हे मला सहन होत नव्हतं. चूक कुठे होते ते पकडायचं आणि त्यांना दाखवून द्यायचं म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून खेळ बघू लागले. गणपतीला तीन-चार दिवस उरले होते. बाबांचे डोळे मला अगदी जवळून दिसत होते. डाव्या पडद्यावर पेटी सुटायची, खाली यायची, पाण्यात पडायची, आणि बाबांच्या चेहऱ्यावर काहीच हलायचं नाही. चुकलं की माणूस चुकचुकतो. ते चुकचुकायचे नाहीत. ट्यँव आवाज झाला की मगच दचकायचे.

मला काय सुचलं कोण जाणे. मी माझा हात हळूच त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला नेला. वीतभर अंतरावर. बोटं हलवली. ते खेळत राहिले. मी मूठ केली, उघडली, पुन्हा केली. बाबांना तिथे हात आहे हेच माहीत नव्हतं.

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाबा आंधळे होताहेत एवढंच पहिल्यांदा वाटलं. दुसरी गोष्ट तोंडावर पाणी मारताना सुचली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. उद्या सकाळी सात वाजता हे शिडी चढणार.

मी सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. वाचणाऱ्याला आता माझा राग येत असेल, तर येऊ द्या, मलाही येतो. पण आमच्या गॅलरीत तेव्हा काय चाललं होतं तेही सांगते. पलीकडच्या खोलीतल्या काकांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. तो एके काळचा कडक इस्त्रीतला माणूस दिवसभर गॅलरीत बनियनवर खुर्चीत बसून पोरांच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचा. कुणी त्याला काही विचारत नसे. बाबांना दिसत नाही असं मी म्हटलं की त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची लागणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर कारखान्यात कुणाच्या तरी डोक्यावर पाच टन. तेरा वर्षांच्या डोक्यात हे दोन्ही एकदम मावत नाही. मी गप्प बसले आणि देवावर हवाला ठेवला. दुसरा शब्द नाही याला, मी भ्याले.

कारखान्याचा भोंगा आमच्या शाळेत ऐकू यायचा. सात, बारा, साडेतीन, ठरलेल्या वेळा. अवेळी भोंगा म्हणजे अपघात, हे मुलुंडमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या दिवसांत माझे कान सतत तिकडे. बाई फळ्यावर काय लिहीत होत्या देव जाणे. गणपती बसल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी भूगोलाच्या तासाला, सव्वाअकराच्या सुमाराला भोंगा झाला. लांबलचक. माझ्या हातातलं पेन पडलं आणि मी बाकावरून उठून सरळ दाराकडे चालू लागले. बाई ओरडल्या तरी थांबले नाही. फाटकाशी शिपायाने धरलं तेव्हा मी त्याला म्हणत होते, "माझ्या बाबांनी मुद्दाम नाही केलं." तो बिचारा गांगरला. कारखान्यात आगीची तालीम होती, असं नंतर कळलं. मला बाईंनी पाणी पाजलं, उपास आहे का विचारलं. मी हो म्हटलं.

असा महिना गेला. बाबा रोज धडधाकट घरी यायचे, चटणी टाकायचे, मामाला शिव्या द्यायचे. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालायचे म्हणजे रस्त्यात कुणावर आदळायला नकोत. मुलीची आपल्यावर माया फार, असं त्यांना वाटायचं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. लेथला, ड्रिलला, क्रेनच्या हुकाला झेंडूच्या माळा, जमिनीवर रांगोळ्या, बायका नव्या साड्यांत आणि नाकाला तेलाचा वास. शेवटी बाबांचा कार्यक्रम. हार घातलेलं एक भलंमोठं ओतीव चाक उचलून शॉपच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचं, सगळ्यांच्या टाळ्यांत. दरवर्षीची प्रथा. मी लहानपणी त्यासाठी नाचत जायचे.

त्या वर्षी सगळ्या बायकापोरांना दोरीच्या मागे उभं केलं होतं, आणि दोरी डाव्या बाजूला होती. म्हणजे केबिनमध्ये बसलेल्या बाबांच्या डाव्या हाताला. मी आईचा पदर ओढून तिला पार भिंतीपर्यंत मागे नेलं. "अगं काय चाललंय, मला काही दिसत नाही इथून," आई म्हणाली. चाक उचललं गेलं. माळा लोंबत होत्या. ते आमच्या दिशेने जरासं झुललं, कुणाचं तरी पोर दोरीखालून पुढे सरकलं, त्याच्या आईने त्याला मागे खेचलं आणि हसली. सगळे हसत होते. मग शिट्टी वाजली, दोनदा, चाक थांबलं, स्थिर झालं, पुन्हा निघालं आणि पोचलं. टाळ्या पडल्या.

एक गोष्ट मात्र मी बघितली होती. खलाशी पूर्ण वेळ उजव्या बाजूने चालत होता. वाटेत रांगोळी आली, टेबल आलं, तरी तो वळसा घालून पुन्हा उजवीकडेच. हा खलाशी बाबांचा जुना जोडीदार, कुडाळकडचा, आमच्या घरी येणारा. प्रसादाच्या रांगेत मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले.

"काका, तुम्ही डावीकडे का नाही उभे राहत?"

त्याने पेढ्याचा हात खाली घेतला. मला जरा बाजूला नेलं. "तुका कोणी सांगल्यान?"

"कुणी नाही. मला माहीत आहे."

"माका पण ठावक आसा, बाय. पावसाच्या आधीपासून." तो इकडेतिकडे बघून म्हणाला. "म्हणून तर मी उजवीकडेच रवतंय. मी आसय तोवर काय व्हायचा नाय. पण तू खंय बोलू नको. पंधरा वर्षांची नोकरी हा त्याची."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. इतके दिवस मला वाटत होतं की कुणा मोठ्या माणसाला कळलं की तो काहीतरी करेल. मोठ्या माणसाला कळलं होतं, आणि तो माझ्यासारखाच गप्प बसला होता, माझ्याच कारणासाठी.

परत येताना आई बायकांच्या घोळक्यात पुढे गेली. मी आणि बाबा मागे. ते खुशीत होते. मी म्हटलं, "बाबा, तो गेम चांगला आहे. दुसरा भाग पहिल्यापेक्षा भारी आहे."

"तुला काय कळतंय? मजा नाही त्यात."

"तुम्हाला डावा पडदा दिसत नाही."

"काय बडबडतेस?"

मी त्यांना रस्त्याच्या कडेला थांबवलं. "समोर त्या पानवाल्याकडे बघा. मान हलवायची नाही. माझी बोटं किती?"

बाबा थोडा वेळ पानवाल्याकडे बघत राहिले. कंटाळून म्हणाले, "अगं हात तर पुढे कर."

"केलाय, बाबा."

त्यांनी मान वळवली. माझा हात त्यांच्या गालापासून वीतभरावर होता. त्यांनी तो पाहिला, पुन्हा समोर बघितलं, पुन्हा वळले. असं तीन-चारदा. मी माझ्या बाबांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गणपतीच्या आधीपासून." मग मी खलाशी काकांचंही सांगून टाकलं.

मला वाटलं ते चिडतील, नाहीतर नोकरीचं काहीतरी बोलतील. ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन फुटपाथच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "गणपतीत हा गावाला गेला होता. पंधरा दिवस. खाली बदली माणूस होता." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला त्याचं तोंड आठवत नाही. मी नुसता शिट्टीवर उचलत होतो."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मी ज्याला घाबरून गप्प बसले होते ते फार थोडं झालं. बाबा स्वतःहून फोरमनकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, डोक्यातली एक बारीक रक्तवाहिनी कधीतरी बंद पडलीय आणि दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं गेलंय. अशा माणसाला आपल्याला दिसत नाही हेच कळत नाही. गेलेलं परत आलं नाही. कारखान्याने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. पगार कमी झाला, पण गॅलरीत दुसरी खुर्ची लागली नाही. मामाकडे जाऊन त्यांनी माफी मागितली. चटणी आई ताटाच्या उजवीकडे वाढू लागली.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी दसरा होता. दसऱ्याला धाकट्यांनी थोरांकडे सोनं घेऊन जायचं असतं. बाबांनी त्या दिवशी सकाळीच आपट्याची पानं घेतली, मला म्हणाले चप्पल घाल, आणि आम्ही भांडुपला टेकडीवरच्या एका खोलीशी जाऊन उभे राहिलो. त्या बदली खलाशाचा पत्ता त्यांनी गेटवरच्या माणसाकडून काढला होता. दार उघडलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस, कडेवर पोर. बाबांना बघून तो इतका गोंधळला की पोर बायकोच्या हातात द्यायलाही विसरला.

"तुम्ही कशाला आलात? मी येणारच होतो."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आधी सरळ, मग मान थोडी वळवून, सगळा चेहरा दिसेल अशी. त्याचं नाक, मिशी, कान, सगळं.

"गणपतीत तू खाली कुठे उभा राहायचास?"

"तुमच्या डाव्या हाताला." तो ओशाळून हसला. "सॉरी हां, पण मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलाय. पंधरा दिवसांत तुम्ही एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. माल कधी कधी अगदी डोक्यावर यायचा. मी आपला पळायचो."

"रागावलो नव्हतो रे," बाबा म्हणाले आणि त्यांनी पानं त्याच्या हातात दिली. तो त्यांच्या पाया पडायला वाकला तर बाबांनी त्याला पडू दिलं नाही, दंड धरून तसंच उभं ठेवलं. त्याची बायको आतून म्हणाली, चहा घेऊनच जा. कडेवरचं पोर माझ्याकडे बघून हात पुढे करत होतं आणि मला ते घेववेना. त्या पंधराही दिवशी सकाळी पावणेसातला बाबांच्या हातात डबा मीच दिला होता.